पंचेचाळीस डॉलरची नदी

संपादकांनी यंदा विषय दिला ‘कमी पैशांत’. असा विषय समोर आला की मराठी लेखक सहसा विद्यार्थिदशेतल्या खानावळीकडे वळतो. मला मात्र सिएटल विमानतळावरचा सामानाचा सरकता पट्टा आठवला. जुलै-ऑगस्टात अँकरेजचे विमान उतरले की त्या पट्ट्यावर सुटकेसा कमी आणि पुठ्ठ्याची जाड खोकी, चिकटपट्टी गुंडाळलेले कूलर जास्त फिरतात. त्यांत गोठवलेला सॅमन असतो. खोकी उचलणारी माणसे काही लक्षाधीश दिसत नाहीत. मळक्या टोप्या, उन्हाने रापलेली नाके, बुटांना चिखल. यांना हे परवडते कसे?

माझा मित्र मूळचा वेंगुर्ल्याचा. आता रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण डोक्यात अजून खाडी. त्याला हा प्रश्न पडलाच नव्हता. “गरवूक जावचा तर गाइड कित्याक होयो?” एवढेच त्याचे म्हणणे. संपादकांचा विषय आणि त्याचा हट्ट यांची सांगड घालून आम्ही जुलैच्या उत्तरार्धात अलास्कात केनाई नदीवर गेलो.

पैसा कुठे जातो

अलास्कात सॅमन धरायला जायचे दोन रस्ते. एक लॉजचा. विमानतळावर गाडी हजर, सकाळी गरम नाश्ता, गाइडची होडी. गरी तोच बांधणार, मासा साफ करून, गोठवून, पेटीत भरून हाती देणार. आठवड्याचे बिल काही हजार डॉलर. दुसरा रस्ता आमचा. अँकरेजला उतरायचे, भाड्याची व्हॅन घ्यायची, तिच्यातच झोपायचे आणि नदीच्या काठावरून उभ्या-उभ्या मासा धरायचा.

या दुसऱ्या रस्त्यावर मोठा खर्च माशाचा नसतो, गाडीचा असतो. अलास्काचा उन्हाळा आखूड. वर्षभराची कमाई तेवढ्यात करायची, म्हणून जुलैत गाड्यांचे भाडे डोळे पांढरे करते. हिवाळ्यातच गाडी ठरवून ठेवणारे शहाणे. दोघांत भाडे वाटले की ते सुसह्य होते, शिवाय मागच्या सीटा पाडल्या की हॉटेलही वाचते. एकटा माणूस हा प्रवास स्वस्तात करू शकत नाही. मित्र इथे चैन म्हणून नव्हे, भागीदार म्हणून लागतो. पेट्रोल, तंबूची जागा, बर्फ, शेगडी, सगळ्याला दोनाने भागायचे.

बाकीचे सामान घरून. चार तुकड्यांत सुटणारा रॉड सुटकेसमध्ये मावतो. वेडर, म्हणजे छातीपर्यंत येणारी रबरी तुमान, ओळखीपाळखीत मागितली की मिळते. तांदूळ, कोकम, मालवणी मसाला, एक जड लोखंडी तवा. मित्राने वरून घरातले व्हॅक्यूम पॅकिंगचे यंत्रही घेतले. केनाईच्या परिसरात मासे साफ करून, पिशवीबंद करून, गोठवून देणारी दुकाने आहेत, पण ती वजनावर पैसे लावतात. एकट्या त्या यंत्राने आमचा बराच खर्च वाचवला.

आणि परवाना. अलास्काबाहेरच्या माणसाला एका दिवसाचा परवाना 15 डॉलरला, सात दिवसांचा 45 डॉलरला. फोनवर घेता येतो, फोनवरच दाखवता येतो. लॉजमध्ये उतरलेला पाहुणा आणि व्हॅनमध्ये झोपणारे आम्ही, दोघांचा परवाना तोच, माशांची रोजची मर्यादाही तीच.

तारेवरची होडी

अँकरेजहून कूपर लँडिंग सुमारे 160 किलोमीटर. रस्ता आधी खाडीच्या काठाने जातो, मग डोंगरात शिरतो. एका वळणावर केनाई नदी दिसते आणि पहिल्यांदा पाहणारा गाडी हळू करतोच, कारण तिचा रंग नदीचा वाटत नाही. हिमनद्या डोंगर घासत खाली सरकतात, त्या घासणीत खडकाचे पीठ होते, ते पाण्यात तरंगत राहते आणि पाणी मोरपिशी दुधाळ दिसते. या केनाईला कूपर लँडिंगजवळ रशियन रिव्हर नावाची छोटी, नितळ नदी मिळते. आम्हाला गाठायचा होता तो हा संगम.

संगमाचा चांगला काठ पलीकडे आहे आणि तिथे पूल नाही. आहे ती फेरी. नदीवर आडवी लोखंडी तार ताणलेली, तिला चपटी होडी अडकवलेली. इंजिन नाही. चालवणारा होडीचे तोंड प्रवाहाला तिरके करतो, पाणी तिच्या कुशीला रेटा देते आणि होडी तारेवरून सरकत पलीकडे जाते. परत येताना तोंड उलट बाजूला. केनाई वन्यजीव आश्रयक्षेत्राच्या हद्दीतली ही फेरी उन्हाळाभर माणसांची ने-आण करते. गाडी लावण्याचे आणि फेरीचे पैसे पडतात, पण खासगी होडीच्या भाड्यापुढे ते काहीच नाहीत.

होडीत आमच्या शेजारी अँकरेजचा एक नळदुरुस्तीवाला होता, रात्रपाळी संपवून आलेला. त्याच्या पलीकडे दोन शाळकरी पोरांना घेऊन आलेली आजी. सगळ्यांच्या हातात रॉड, पाठीला दोरी, कमरेला चाकू. विरार लोकलला दारात उभे राहणारे जसे एकमेकांना न बोलता जागा करून देतात, तसे हे लोक काठावर उतरताच पांगले आणि हातभर अंतर सोडून पाण्याच्या कडेला ओळीने उभे राहिले. स्थानिक लोक या प्रकाराला ‘कॉम्बॅट फिशिंग’ म्हणतात. नाव युद्धाचे, पण इतकी शिस्तीची गर्दी मी क्वचित पाहिली.

न खाणाऱ्या माशाला गरी

इथला मासा सॉकाय, बोलीत नुसता ‘रेड’. समुद्रात असतो तेव्हा चांदीसारखा, अडीच-तीन किलोचा. केनाईच्या वरच्या अंगाला केनाई लेक आणि स्किलॅक लेक अशी मोठी तळी आहेत. सॉकायची पिल्ले तळ्यात एक-दोन वर्षे काढतात, मग समुद्रात जातात, तिथे दोन-तीन वर्षे वाढतात आणि जन्मल्या पाण्याकडे परततात. गोड्या पाण्यात शिरले की खाणे बंद. अंगात साठवलेल्या चरबीवर चढण चढायची, अंडी घालायची आणि मरायचे. परतीचे तिकीट नाही.

आता अडचण लक्षात घ्या. समुद्रातही हा मासा मुख्यतः बारीक प्लवक जीव गाळून खातो, आणि नदीत तर काहीच खात नाही. त्याला आमिष दाखवायचे तरी कशाचे? शिवाय इथे नियमाने गरीला फक्त ‘फ्लाय’ लावायची, म्हणजे केसांचा झुबका बांधलेला एकेरी लहान गळ. शिशाचे वजन त्या गळापासून किमान 18 इंच वर.

उत्तर माशाच्या सवयीत आहे. प्रवाहाविरुद्ध जाणारा सॉकाय ताकद वाचवतो. मधल्या जोरदार पाण्यात न जाता तो काठ धरून जातो, गुडघाभर पाण्यातून, रांगेने, तोंड उघडझाप करत. म्हणून इथे लांब फेक लागतच नाही. रॉडच्या टोकातून तीन-चार मीटर तंगूस बाहेर काढायचा, हलक्या हाताने प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा, शिसे तळाच्या गोट्यांवर टक-टक करत खाली येऊ द्यायचे आणि फेरा संपताना रॉड आडवा, पाण्यालगत ओढायचा. तंगूस माशाच्या उघड्या तोंडातून सरकतो आणि ओढीसरशी गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मासा फसत नाही, अडकतो. तोंडाऐवजी पाठीत, शेपटीत, पोटात गळ लागला तर तो मासा नियमाप्रमाणे लगेच सोडायचा. हे खरे मासे गरवणे नव्हेच, असे म्हणणारे जुने फ्लायवाले आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण जो मासा खातच नाही, त्याला गळाने धरण्याचा दुसरा भरवशाचा मार्गही नाही.

नवशिके ओळखू येतात. वेडर चढवली की त्यांना कमरेपर्यंत पाण्यात जावेसे वाटते. ओळीतल्या एका तरुणाने तसे केले, तर मित्र मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाला, “मेल्या, खंय जातंस? मासो तुझ्या पायाकडसून गेलो!” खरेच होते. पोलराइज्ड चष्म्यातून पाहिले की पाण्याची चकाकी निघून जाते आणि दिसते की करड्या सावल्यांची रांग त्या तरुणाच्या मागून, त्याच्या आणि काठाच्या मधून चालली आहे. चष्मा आणखी एका कारणासाठी हवा. तोंडातून सुटलेला गळ शिशासकट उलटा, गोफणीसारखा येतो आणि नेम डोळ्याचाच धरतो.

मासा लागला की ओरडायचे, “फिश ऑन!” शेजारचे दोघे-तिघे लगेच आपापले तंगूस गुंडाळून मागे होतात. मासा प्रवाहाबरोबर पळतो, पाण्याबाहेर उसळतो. रॉड पाण्याकडे झुकवून त्याला वाकडा काठाकडे वळवायचा, आणि तो वळला की थांबायचे नाही. उलट पावली मागे चालत त्याला गोट्यांवर ओढून घ्यायचा. मित्राचा पहिला मासा आजीबाईंच्या नातवाच्या बुटाशी येऊन पडला. डोक्यावर काठीचा एक फटका, मग दोन्ही बाजूंचे कल्ले कापून दोरीला अडकवून पाण्यात. रक्त निघून गेले की मांस स्वच्छ राहते. हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

त्या रात्री साडेदहाला, लख्ख उजेडात, तो म्हणाला, “अरे, हे तर चढणीचे मासे.” मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की कोकणात ओहोळांना लाल पाणी येते आणि मळये, शेंगटी अंडी घालायला उलट्या दिशेने शेतात चढतात. पोरे-बाप्ये बत्त्या, कोयते, बांबूचे सापळे घेऊन रात्रभर पाण्यात. पोटात गाबोळी असलेला मासा त्या रात्री सर्वांत चवदार, आणि त्याच रात्री तो सर्वांत जास्त मारला जातो. समुद्रात आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते. ओहोळात चढणारे किती आणि वर पोचले किती, याची मोजदाद करताना मी तरी कोणाला पाहिलेले नाही. मित्राच्या गावी आता बत्त्या आहेत, मासे फारसे नाहीत.

मोजलेली नदी

केनाईवर मोजतात. समुद्रापासून सुमारे 19 मैलांवर नदीत सोनार यंत्र बसवलेले आहे. मासे काठाने जातात, म्हणून दोन्ही काठांवरून ध्वनिलहरी सोडतात आणि सरकणाऱ्या आकृत्या मोजतात. रोजचा आकडा अलास्काचे मत्स्य आणि वन्यजीव खाते जाहीर करते. रशियन रिव्हरवर लोअर रशियन लेकच्या तोंडाशी नदीला आडवा बांध घालून, त्याच्या फटीतून जाणारे मासे वेगळे मोजतात. जूनमधल्या पहिल्या लोंढ्यापैकी 22 हजार ते 42 हजार मासे वरच्या पाण्यात पोचले पाहिजेत, असे उद्दिष्ट आहे. तेवढे पोचणार असे दिसले तर काठावरच्यांना सूट वाढते; रोजच्या तीन माशांचे सहा होऊ शकतात. आकडा मागे पडला तर हंगामाच्या मध्यावरसुद्धा मासेमारी बंद होते. हे हुकूम एका रात्रीत निघतात. काठावर दोन अनोळखी माणसे भेटली की हवापाण्याच्या जागी सोनारचा कालचा आकडा बोलतात.

ही शिस्त हौसेने आलेली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अलास्काचा सॅमन बाहेरच्या कंपन्यांच्या हातात होता. सिएटल, सॅन फ्रान्सिस्कोचे डबाबंद मासळीचे कारखानदार किनाऱ्यावर लाकडी-जाळीचे प्रचंड सापळे उभारत. ते सापळे माणसांशिवाय मासे गोळा करत आणि स्थानिक कोळी रिकाम्या हाताने पाहत राही. मासा घटत गेला. अलास्काची राज्यघटना 1956 मध्ये मंजूर झाली तेव्हा लोकांनी सापळ्यांवरच्या बंदीलाही कौल दिला, आणि 1959 मध्ये राज्य झाल्यावर सापळे गेले. घटनेत दोन गोष्टी लिहिल्या आहेत: मासे सर्वांच्या सामाईक वापरासाठी आहेत, आणि ते कायम टिकतील अशा बेतानेच वापरायचे. सॅमनची शेती करायलाही अलास्कात 1990 पासून बंदी आहे. त्यामुळे इथला प्रत्येक सॅमन समुद्रात मोकळा वाढलेला असतो.

त्याही आधीची कहाणी फेरीच्या जवळच आहे. केनाईट्झे या डेनाइना लोकांच्या जमातीने कबेक नावाचे एक ठिकाण राखले आहे. डेनाइना लोक याच संगमावर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत, सुकवत, जमिनीतल्या खड्ड्यांत साठवत. त्या खड्ड्यांच्या खुणा लाकडी पायवाटेवरून अजून दिसतात. नदीचे नाव रशियन आहे, रशियाने अलास्का 1867 मध्ये विकली, मासेमारी त्या दोन्हींपेक्षा फार जुनी.

सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. केनाईची जगभर कीर्ती झाली ती किंग सॅमनमुळे. 1985 मध्ये इथेच 97 पौंड 4 औंसांचा, म्हणजे 44 किलोंचा किंग गळाला लागला होता. तो विक्रम अजून उभा आहे. आज त्या किंगची संख्या इतकी घसरली आहे की 2023 पासून केनाईवर त्याची मासेमारी बंद ठेवावी लागली. चुकून लागलाच तर पाण्याबाहेरही न काढता सोडायचा. किंग वाचवायचा म्हणून 2023 मध्ये, केनाई समुद्राला मिळते त्या कुक इनलेटच्या पूर्व किनाऱ्यावर जाळी लावणाऱ्या कोळी कुटुंबांचा हंगामच बुडाला. सॉकाय लाखांनी समोरून जात होता आणि त्यांची जाळी किनाऱ्यावर सुकत होती. आमच्यासारखे हौशी काठावर मासे धरत असताना पिढीजात कोळ्याने घरी बसावे, यातला न्याय मला अजून पटलेला नाही. नदीच्या मुखाशी मोठ्या हातजाळ्याने मासे धरण्याची मुभा 10 ते 31 जुलै असते, तीही फक्त अलास्काच्या रहिवाशांना: कुटुंबप्रमुखाला 25 मासे, पुढे प्रत्येक माणशी 10. ते मासे विकायचे नाहीत, घरी खायचे. हा भेद मात्र मला योग्य वाटला. पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे.

माशांसारखा काठही जपतात. सॉल्डॉट्ना गावात नदीकाठी लोखंडी जाळीचे उंच पूल केले आहेत. त्यांवरून चालत जायचे, शिडीने थेट पाण्यात उतरायचे. काठावरच्या गवतावर पाय द्यायचा नाही. जाळीतून ऊन खाली पडते, गवत जगते, गवताखाली पाण्यात लोंबणाऱ्या मुळांत सॅमनची पिल्ले लपतात. हजारो बुटांनी काठ तुडवला तर पिल्लांचे घरच जाते.

टेबलावर

मासा काठावर साफ करायला टेबले असतात. आमच्या शेजारचा नळवाला चाकूच्या दोन फटकाऱ्यांत मासा उलगडत होता: कल्ल्यामागे छेद, चाकू आडवा, काट्याला चिकटवून शेपटीपर्यंत एक सरळ ओढ; मग मासा उलटा. सॉकायचे मांस गडद केशरी-लाल असते. उरलेला सांगाडा तसाच फेकायचा नाही. लहान तुकडे करायचे आणि वाहत्या खोल पाण्यात टाकायचे. अख्खे सांगाडे कडेला साचले की अस्वले येतात, आणि माणसांच्या उष्ट्याला सोकावलेले अस्वल शेवटी गोळीने मरते. म्हणून डबा, कूलर, मासे सगळे हाताच्या अंतरावर ठेवायचे. पलीकडच्या झुडपांतून एक तपकिरी अस्वल पाण्यात उतरले तेव्हा ओळीतल्या कोणी फोन काढण्याआधी तंगूस गुंडाळले आणि मासे उचलून मागे झाले. अस्वलाने आपला मासा धरला आणि ते गेले.

अमेरिकन लोक डोकी टाकून देतात. मित्राने टेबलावरच्या तिघांकडे डोकी मागितली. त्यांनी आनंदाने आणि थोड्या संशयाने दिली. तंबूच्या जागी पोचल्याबरोबर त्याने कोकम, मसाला, नारळाच्या दुधाचा डबा घालून कालवण केले. गाबोळी हळद-मीठ लावून तव्यावर. सॉकाय आपल्या सुरमईपेक्षा घट्ट, रवा लावून तळला तर कोरडा पडतो. कालवणात मात्र तो खुलतो. भात संपवला, भांडी तिथेच घासली आणि उरलेसुरले सगळे अस्वलांना उघडता न येणाऱ्या लोखंडी पेटीत बंद केले.

परतीच्या आदल्या रात्री तुकड्या पिशवीबंद करून गोठवायला दिल्या. विमानात एका नगाला 50 पौंडांची मर्यादा असते, तेवढ्या वजनाचा कूलर नेहमीच्या सामानासारखा जातो.

हिशेब केला तर हा मासा दुकानातल्या गोठवलेल्या सॉकायपेक्षा स्वस्त पडत नाही. विमानाचे भाडे धरले तर नाहीच. लॉजच्या बिलाच्या मानाने मात्र आमचा दोघांचा मिळून खर्च किरकोळ झाला. त्याचे श्रेय आमच्या काटकसरीला देणे खोटे ठरेल. तारेवरची होडी, काठावरचे पूल, सोनार, मोजणारी माणसे, रात्रीत निघणारे हुकूम, हा सगळा खर्च दुसऱ्या कोणीतरी आधी केलेला आहे. नदी सर्वांची ठेवणे फार महाग काम आहे. ते झाले, म्हणून आम्हाला ती 45 डॉलरला मिळाली.

जाणार असाल तर जुलैचा उत्तरार्ध धरा, गाडी जानेवारीतच ठरवा, आणि एक मित्र असा घ्या की ज्याला मासा साफ करता येतो. चष्मा विसरू नका. आणि नदीवर निघण्याच्या आदल्या रात्री मत्स्यखात्याचा ताजा हुकूम वाचा, कारण या लेखात लिहिलेली मर्यादा त्या रात्री बदललेली असू शकते.